मोटर लावलेली सायकल : ड्राइव्हचे दोष अन दुरुस्ती

साध्या सायकलीला बाहेरून मोटर किंवा छोटं इंजिन जोडायचं, पायडल तसंच ठेवायचं, अन मोटरची ताकद मागच्या चाकापर्यंत न्यायची, ही जी मधली सगळी जुळणी असते (छोटी चक्री, चेन, फ्रीव्हील म्हणजे एकाच दिशेनं चाकाला पकडणारी मागची चक्री, गिअर, क्लच, मोटर धरणारं ब्रॅकेट) तिला एकत्रितपणे ड्राइव्ह म्हणतात. विदर्भातल्या खेड्यात मुख्यतः तीन प्रकार दिसतात : सीटखाली किंवा मागच्या चाकाजवळ बसवलेली गिअरवाली मोटर अन चेन, चाकाच्या हबमधेच (मधल्या तुंब्यातच) असलेली मोटर, अन त्रिकोणी फ्रेममधे बसवलेलं टू-स्ट्रोक इंजिन. गाडी ओढत नाही म्हटलं की मालक मोटर नाहीतर बॅटरीला दोष देतो, पण बऱ्याचदा बिघाड या दोन्हींत नसून मधल्या जुळणीत असतो, अन त्यातही जिथं लक्षण दिसतं तिथं कारण नसतं.

कायदा थोडक्यात असा : बॅटरीवर चालणारी अन मोटरची सलग तीस मिनिटं देता येणारी ताकद 0.25 किलोवॅटपेक्षा कमी, वेग ताशी 25 किमीपेक्षा कमी असलेली मान्यताप्राप्त गाडी मोटार वाहनात मोडत नाही. पेट्रोलच्या बाबतीत चारपेक्षा कमी चाकं अन 25 सीसीपर्यंतचं इंजिन 1988 च्या कायद्याच्या व्याख्येबाहेर आहे, त्यामुळे बाजारात '80 सीसी' म्हणून मिळणारं किट (47 मिमी बोअर म्हणजे सिलिंडरची रुंदी अन 38 मिमी स्ट्रोक म्हणजे दट्ट्याची धाव धरली तर ते खरं भरतं साधारण 66 सीसी) त्या सवलतीत बसतच नाही.

उगम : सायकलीला यंत्र पहिल्यांदा कोणी जोडलं यावर मतभेद आहेत. फ्रान्समधे लुई-गियोम पेरो यानं मिशो कंपनीच्या सायकलीवर छोटं वाफेचं इंजिन बसवलं, ते 1867 ते 1871 या काळात कुठंतरी. अमेरिकेत सिल्व्हेस्टर रोपर यानं वाफेचीच दुचाकी केली, तिचाही काळ 1867 ते 1869 असा सांगतात, त्यामुळे पहिला मान कोणाचा हे ठरवताना एकेका वर्षावरून ओढाताण होते. जर्मनीत डाइमलर अन मायबाख यांची 1885 ची लाकडी फ्रेमची गाडी पेट्रोलवर चालणारी म्हणून पुष्कळ जण तिथूनच सुरुवात धरतात, पण तिला तोल सांभाळायला बाजूची दोन छोटी चाकं होती अन ती मुळात सायकल नव्हतीच. ड्राइव्हच्या नजरेनं पाहिलं तर पेरोचं पारडं थोडं जड वाटतं. रोपरच्या गाडीत दट्ट्याचे दांडे थेट मागच्या चाकाच्या क्रँकला जोडलेले, पेरोच्या गाडीत मात्र पट्ट्यानं ताकद मागच्या चाकाला दिलेली, म्हणजे तयार सायकल घेऊन तिला वेगळं यंत्र अन वेगळा ड्राइव्ह लावायचा ही कल्पना तिथं स्पष्ट दिसते. विजेच्या बाबतीत ऑग्डेन बोल्टन याचं अमेरिकन पेटंट 31 डिसेंबर 1895 चं, त्यात मोटर मागच्या चाकाच्या हबमधे अन गिअर एकही नाही. लगेच 1897 मधे होझिया लिब्बी यानं मोटर पायडलच्या क्रँकजवळ आणली. म्हणजे हब की मधे, हा जो वाद आज किट घेताना पोट्टे घालतात तो सव्वाशे वर्षं जुना आहे. पुढं फ्रान्सच्या 1946 च्या व्हेलोसोलेक्समधे चेनही नव्हती, एक रोलर पुढच्या टायरवर दाबून चाक फिरवायचा, ओल्या रस्त्यावर तो घसरायचा. आपल्याकडं पायडलवाली मोपेड घरोघरी पोचवली ती 1972 मधे आलेल्या कायनेटिकच्या लुनानं, अन 1980 मधे टीव्हीएस 50 आली. खेड्यापाड्यातल्या मेकॅनिकचा हात मुख्यतः याच गाड्यांवर बसलेला आहे.

रचना अन आकडे : चेनवाल्या किटमधे बहुतेक वेळा 24 व्होल्ट 250 वॅटची, एमवाय 1016 झेड जातीची मोटर असते. तिच्या पोटातच गिअर असतात, साधारण 9.78 ला 1, त्यामुळे बाहेरची चक्री भारावर मिनिटाला 300 च्या आसपास फेरे घेते. ती चक्री 9 दात्यांची अन मागचं फ्रीव्हील 18 चं असलं की चाकाचे फेरे 150, अन आपल्या 28 इंची सायकलीचा घेर 2.2 मीटरच्या आसपास धरला तर वेग ताशी 20 किमीला जरा कमी. 16 दात्यांचं फ्रीव्हील लावून वेग 22 पर्यंत नेतात, पण मग कापसाचं गाठोडं मागे असताना चढावर मोटर तापते अन करंट जास्त ओढते. भार नेणाऱ्यानं 18 च ठेवावं.

निदान : गाडी डबल स्टँडवर घ्या, मागचं चाक मोकळं. थ्रॉटल (वेगाची मूठ) थोडंसंच द्या. "भाऊ, मोटर फिरून राह्यली पण गाडी चालून नाही राह्यली" ही तक्रार सगळ्यात जास्त, अन तिचं उत्तर नुसत्या बघण्यानं मिळतं : मोटर वाजते पण तिची चक्री फिरत नाही तर आतला गिअर किंवा चक्रीला दांड्यावर पक्की धरणारी चावी गेली, चक्री अन चेन फिरते पण चाक नाही तर फ्रीव्हील, सगळं फिरतं पण माणूस बसला की कटकट होऊन चेन उडी मारते तर दाते झिजलेत नाहीतर चेन वाढलीय. काहीच वाजत नाही तर तो वायरिंगचा विषय, या नोंदीत तो नाही. एक फसवं लक्षण हबवाल्या मोटरीत येतं, चाक थरथरतं, जागेवर झटके देतं, ऐकणाऱ्याला गिअर तुटल्यासारखं वाटतं, पण तो हॉल सेन्सरचा (मोटरच्या चुंबकाची जागा सांगणारा) किंवा फेज वायरचा (मोटरला करंट नेणारी) दोष असतो, त्यासाठी हब खोलत बसू नये. आधी कनेक्टर हलवून बघा. अन हात घालायच्या आधी बॅटरीचा प्लग काढून ठेवा, चेनमधे बोट असताना थ्रॉटल लागलं की बोट जातं.

चेन : वऱ्हाडातल्या पांदण रस्त्यावर पावसाळ्यात काळी माती चेनीवर थापली जाते अन वाळली की दगडासारखी होते. वेचणीच्या दिवसांत वेगळंच, कापसाचे धागे छोट्या चक्रीच्या मागं दांड्याभोवती गुंडाळत जातात, दिसत नाहीत, अन हळूहळू तेलाच्या सीलला चिरत आत जातात. चक्री काढल्याशिवाय ते निघत नाहीत, ब्लेडनं आडवे कापून चिमट्यानं ओढावे लागतात. गोंदिया-भंडाऱ्याकडं धानाच्या बांधीतून येणाऱ्या गाड्यांना कापसाचा त्रास नाही, तिथं गंज आधी धरतो.

चेन वाढली की नाही हे मोजायला लोखंडी पट्टी पुरे. सायकलच्या चेनीत एका पिनेपासून दुसऱ्या पिनेचं अंतर अर्धा इंच, म्हणून पहिल्या पिनेच्या मध्यावर पट्टीचा शून्य ठेवला की 25 वी पिन बरोबर 12 इंचावर यायला पाहिजे. चेन ताणून धरा, सैल चेनीवर माप चुकतं. 12 इंचाच्या पुढं एक सोळांश इंच गेली असेल तर चेन बदला, एक अष्टमांश इंच गेली असेल तर चेनसोबत छोटी चक्री अन बहुधा फ्रीव्हीलही गेलं समजा. एकटी नवी चेन जुन्या चक्रीवर टाकली की ती पहिल्याच दिवशी भारावर उडते, मग दुकानदाराशी भांडण होतं, खरं तर चेन चांगली असते. 9 ची चक्री 18 च्या दुप्पट फिरते म्हणून तिचे दाते आधी झिजतात, एका बाजूला वाकडे टोकदार होतात, आधी तीच तपासा.

चेन धुवायला डिझेल किंवा मिळालं तर घासलेट, मग पुसून कोरडी करून प्रत्येक रोलरवर तेलाचा थेंब, अन वरचं तेल परत पुसून टाका. इंजिनमधून काढलेलं जळकं ऑइल खेड्यात सर्रास लावतात, ते चिकट राहून धूळ धरून ठेवतं अन मुरमाच्या रस्त्यावर चेनीची पॉलिश पेपरसारखी घासाई करतं. चेन लॉकची पत्ती लावताना तिचं बंद तोंड चेन ज्या दिशेनं जाते त्या दिशेला, उलटी लावली तर काडी-कचऱ्याला अडकून निघते.

ढील : चेन मधोमध बोटानं दाबली की साधारण अर्धा इंच खाली-वर व्हावी. चाक फिरवत चार जागी बघा, कारण फ्रीव्हील थोडं आऊट (वाकडं फिरणारं) असतंच, अन जिथं चेन सगळ्यात टाइट होते तिथलं माप धरायचं. जास्त टाइट केलेली चेन आवाज करत नाही म्हणून लोकांना बरी वाटते, पण ती मोटरच्या पोटातलं बेरिंग खाते. चेन वारंवार उतरत असेल तर टाइट करणं हा उपाय नाही, ब्रॅकेट बघा. गिट्टीच्या रस्त्यावर हादरून ब्रॅकेटचे बोल्ट सैल होतात, मोटर तिरकी होते, दोन्ही चक्र्या एका रेषेत राहत नाहीत. दोन्हीच्या तोंडावर सरळ पट्टी किंवा ताणलेला दोरा धरला की फरक दिसतो, तो वायसर (वॉशर) टाकून काढायचा, अन नट नायलॉकचे (आत नायलॉनची कडी असलेले) वापरायचे.

उलटं फ्रीव्हील : मोटरचा ड्राइव्ह डाव्या बाजूला असलेल्या सायकलींत हा प्रश्न येतो, अन दुकानादुकानांत त्यावर वेगवेगळं ऐकायला मिळतं, म्हणून जरा सविस्तर. साधं फ्रीव्हील उजव्या बाजूसाठी बनलेलं असतं, चेन ओढते तसतसे त्याचे आटे आणखी कसले जातात. तेच डावीकडं आहे तसं लावलं तर चाक पुढं जाताना आतले कुत्ते (एकाच दिशेनं अडकणारे खिटके) धरतच नाहीत. म्हणून मेकॅनिक ते पालथं घालून लावतात, कुत्ते आता बरोबर धरतात, पण आटे पालथे घातल्यानं उलटे होत नाहीत, ते उजवेच राहतात, अन डाव्या बाजूला पुढची ओढ उजव्या आट्यांना सोडवायच्या दिशेनं पडते. त्यामुळे गाडी चार दिवस छान चालते अन एका चढावर फ्रीव्हील उकलून बाहेर येतं. यावर काही जण वेल्डिंग मारतात, ते टिकतं, पण फ्रीव्हील बदलायच्या वेळी हबही जातो, शिवाय वेल्डिंगच्या उष्णतेनं कुत्त्यांच्या स्प्रिंगा नरम पडतात. काही जण लॉक-रिंग किंवा आडवा स्क्रू मारतात. डाव्या आट्यांचं फ्रीव्हील अन तसाच हब मिळाला तर तोच मार्ग सरस, नाहीतर फ्रीव्हीलला बोल्टनं पकडणारी प्लेट. फ्रीव्हील घसरत असेल तर नेहमी तुटलेलंच असतं असं नाही, कोणीतरी आत जाड ग्रीस भरलेलं असतं अन त्यात कुत्ते चिकटून बसतात. डिझेलनं धुऊन पातळ तेल टाकलं की पुष्कळदा सुरू होतं.

हबमधली मोटर : लहान हबमधे नायलॉनचे तीन गिअर अन एक एकेरी क्लच असतो, मोठा बिनगिअरचा हब वेगळा, त्यात झिजायला बेरिंगशिवाय फारसं काही नाही. मे महिन्यात पारा 45 च्या वर, मागं दुधाचे कॅन, अन सुरुवातीलाच पूर्ण थ्रॉटल, यात नायलॉन नरम पडून दाते सोलले जातात. आवाज खरखर असा, भारावर वाढणारा. खोलून तिन्ही गिअर एकत्र बदलावे, एकच बदलला तर तो जुन्यांशी नीट बसत नाही. ग्रीस प्लास्टिकला चालेल असं, दात्यांपुरतं. चाक बसवताना टॉर्क आर्म (ॲक्सल फिरू न देणारी पट्टी) लावलाच पाहिजे, नाहीतर ॲक्सल फॉर्कच्या खाचेत फिरतो अन वायर पिळून तोडतो, गिअरच्या दुरुस्तीवर कंट्रोलरचा (मोटरचा करंट सांभाळणारा डबा) खर्च चढतो.

टू-स्ट्रोक किट : यात चेन जाड, 415 नंबरची, माप अर्ध्या इंचाचंच पण रुंदी जास्त. आतला गिअर 82 ला 20, बाहेर 10 ची चक्री अन मागं 44 ची, म्हणजे एकूण साधारण 18 ला 1. क्लच घसरत असेल तर पहिल्यांदा केबलला एक-दोन मिमी मोकळीक आहे का बघा, नसेल तर लिव्हर न दाबताही क्लच अर्धा दाबलेला राहतो अन लायनर (क्लचमधले घासून पकडणारे तुकडे) जळतात. त्यानंतरच कव्हर खोलून मधलं ॲडजस्टिंग नट. चेनचा टेन्शनर (चेन ताणून धरणारी पुली) फ्रेमवर फिरून चाकाच्या तारांमधे जातो, हा या किटचा सगळ्यात घातक दोष, त्याला फ्रेमला पक्का बोल्ट हवा, नुसता पट्टा कसून चालत नाही.

44 ची चक्री तारांना रबर अन 9 बोल्टनं धरलेली असते. ही जुळणी 36 तारांच्या चाकासाठी आहे, दर चार तारांमागं एक बोल्ट. आपल्या काळ्या 28 इंची सायकलीच्या मागच्या चाकाला तारा 40. नऊ बोल्ट चाळीस तारांत सारखे बसत नाहीत, एखाद-दोन बोल्ट तार दाबून बसतात, चक्री आऊट होते, चेन उतरते, अन काही आठवड्यांत त्याच दोन-चार तारा हबजवळ तुटतात. तारा पुन्हा पुन्हा बदलत बसण्यापेक्षा 36 चा हब अन रिम घालून चाक नव्यानं बांधलेलं स्वस्त पडतं.