स्मोक अलार्मचे नियम देशोदेशी वेगळे का?

छतावरचा स्मोक अलार्म कुठल्या खोलीत हवा, कोणत्या प्रकारचा हवा आणि तो कुणी बसवायचा, याची उत्तरं देशागणिक बदलतात. काही ठिकाणी ती थेट एखाद्या भीषण आगीतून आली आहेत.

साठच्या दशकात अमेरिकेत ड्युएन पिअर्सॉल यांनी बॅटरीवर चालणारा अलार्म विकसित केला आणि सत्तरच्या दशकात तो घरोघरी पोचू लागला. त्यात अमेरिशियम-२४१ हे किरणोत्सारी मूलद्रव्य अगदी अत्यल्प प्रमाणात असतं. हा आयनीकरण प्रकार (त्या किरणांनी हवेतले कण विद्युतभारित करून धूर ओळखणारा) भडकलेली आग चटकन ओळखतो, पण गादी किंवा सोफा नुसता धुमसत असेल तर उशीर लावतो. तिथे प्रकाशकिरणांनी धूर ओळखणारा फोटोइलेक्ट्रिक अलार्म सरस ठरतो.

हा फरक किती महत्त्वाचा आहे, हे ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्याने गांभीर्याने घेतलं. ऑगस्ट २०११ मध्ये ब्रिस्बेनजवळच्या स्लॅक्स क्रीक इथे एका घराला रात्री आग लागली आणि ११ जण दगावले. त्यांत बहुतेक लहान मुलं होती. या मृत्यूंच्या न्यायिक चौकशीनंतर २०१६ मध्ये कायदा बदलला: अलार्म फोटोइलेक्ट्रिकच हवा, तो प्रत्येक झोपण्याच्या खोलीत हवा, आणि एक अलार्म वाजला की घरातले सगळे वाजले पाहिजेत. भाड्याच्या आणि विकल्या जाणाऱ्या घरांना २०२२ पासून हे लागू झालं. उरलेल्या घरांना १ जानेवारी २०२७ ची मुदत आहे.

लंडनच्या ग्रेनफेल टॉवर या उंच निवासी इमारतीला जून २०१७ मध्ये लागलेल्या आगीत ७२ माणसं गेली. त्यानंतर स्कॉटलंडने फेब्रुवारी २०२२ पासून मालक स्वतः राहत असलेल्या घरांनाही एकमेकांना जोडलेल्या अलार्मची सक्ती केली. स्वयंपाकघरात धुराऐवजी उष्णता ओळखणारा अलार्म लागतो, म्हणजे फोडणीच्या धुराने उगाच भोंगा वाजत नाही. इंग्लंडमध्ये मात्र २०१५ चा नियम घरमालकाने भाडेकरूला दिलेल्या घरापुरताच आहे. स्वतःच्या जुन्या घरात राहणाऱ्यावर सक्ती नाही. ग्रेनफेल ज्या देशात घडलं, तिथेच ही पळवाट राहावी, हे मला पटत नाही.

जपानने घरांतल्या आगीत वृद्धांचे बळी वाढल्यामुळे २००४ मध्ये कायदा सुधारला. जर्मनीत प्रत्येक राज्याने आपापला नियम केला, सुरुवात २००३ मध्ये ऱ्हाइनलँड-फाल्झने केली. फ्रान्समध्ये मार्च २०१५ पासून प्रत्येक घरात किमान एक अलार्म हवा. तो मालकाने बसवायचा आणि राहणाऱ्याने चालू ठेवायचा, पण न बसवणाऱ्याला त्या कायद्यात दंड ठेवलेला नाही.