सर्व्हर एक, लाइनी दोन: पत्त्याच्या घोळाची पार्श्वभूमी

सांगलीत हळदीच्या सौद्यांचे दर दाखवणारा एक छोटा वेब सर्व्हर मी सांभाळतो. एक लाइन गेली तरी दर दिसत राहावेत म्हणून दोन कंपन्यांच्या इंटरनेट लाइनी घेतल्या. पहिल्याच दिवशी दुसऱ्या लाइनवरून साइट उघडेना. पॅकेट (इंटरनेटवरून जाणारे माहितीचे तुकडे) तपासली, तर मागणी दुसऱ्या लाइनने आत येत होती आणि उत्तर पहिलीने बाहेर जाऊन वाटेतच गडप होत होतं.

मूळ गोम अशी की, आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा ठावठिकाणा सांगणारा आकडा, मशीनचा नसतो, लाइनचा असतो. लाइन बदलली की पत्ता बदलला. मोठ्या संस्थांसाठी यावर उपाय फार पूर्वीच निघाला. जानेवारी 1989 मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिनला इंटरनेट तंत्रज्ञांच्या बैठकीत कर्क लॉहीड आणि याकोव्ह रेख्तर यांनी जेवताना कागदी नॅपकिनवर बीजीपीचा, म्हणजे नेटवर्कांनी एकमेकांना वाटा कळवायच्या पद्धतीचा, आराखडा काढला. जूनमध्ये तो आरएफसी 1105 म्हणून प्रसिद्ध झाला (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या पद्धती मांडणारे क्रमांकित दस्तऐवज). स्वतःचे पत्ते आणि स्वतःचा एएस क्रमांक (नेटवर्कची ओळख सांगणारा आकडा) असला, की एकच पत्ता दोन्ही कंपन्यांमार्फत जगाला कळवता येतो. एक वाट बंद पडली की येणारा दुसरीने येतो. पण त्यासाठी निदान 256 पत्त्यांचा गट लागतो, त्याहून लहान गट बहुतेक नेटवर्क पुढे सरकवत नाहीत. एप्रिल 2011 मध्ये तर आशिया-पॅसिफिक विभागाचा आयपीव्ही4 (जुन्या पद्धतीच्या आयपी पत्त्यांचा) साठाच शेवटच्या गटावर आला आणि पत्त्यांचं रेशनिंग सुरू झालं. चार-दोन पत्त्यांवर चालणाऱ्या माणसाला तो दरवाजा बंदच.

आपल्याकडे 15 ऑगस्ट 1995 ला विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं आणि खासगी कंपन्यांना वाव मिळाला तो 1998 च्या धोरणाने. त्याआधी दुसऱ्या कंपनीची लाइन घ्यायचा प्रश्नच नव्हता.

माझ्या कामी आली ती लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम. 1999 च्या तिच्या 2.2 कर्नेलबरोबर (कर्नेल म्हणजे सिस्टिमचा गाभा) अलेक्सी कुझ्नेत्सोव्ह यांचं आयपीरूट2 हे साधन वापरात आलं. पॅकेट कुठे चाललंय एवढंच न बघता, ते कुठल्या पत्त्यावरून निघालंय हे बघूनही वाट ठरवता येऊ लागली. दोन लाइनींना दोन राउटिंग टेबलं (वाटांच्या याद्या) आणि दोन नियम: या पत्त्याचं उत्तर याच लाइनने. माझं उत्तर गडप का होत होतं, तेही यातूनच उमगलं. मे 2000 च्या आरएफसी 2827 ने कंपन्यांना सांगितलं की, परका पत्ता लावून निघालेलं पॅकेट दारातच अडवा. माझं उत्तर दुसऱ्या लाइनचा पत्ता लावून पहिलीने निघत होतं, म्हणजे पहिल्या कंपनीच्या लेखी ते परकंच. खोट्या पत्त्यांचे हल्ले त्याने रोखले जातात, म्हणून मला ही अडवणूक रास्तच वाटते.

डीएनएसमध्ये, म्हणजे साइटच्या नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेत, एकाच नावाखाली दोन्ही पत्ते ठेवता येतात, मात्र लाइन मेली हे डीएनएसला आपणहून कळत नाही. ते तपासून मेलेला पत्ता काढायची सोय आपणच करायची. शिवाय घरगुती ब्रॉडबँडवर अनेकदा शंभरजणांत वाटलेला पत्ता मिळतो आणि बाहेरून आत येताच येत नाही. म्हणून लाइन घेतानाच स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा स्वतंत्र पत्ता, मागून घ्यावा.

एवढं सगळं जमवल्यावर एकदा रस्त्याच्या खोदकामात दोन्ही फायबर एकदमच तुटल्या. कंपन्या दोन होत्या, चर एकच. आता दुसरी लाइन गच्चीवरच्या अँटेनातून येते.