ती खाऊ घेते का?

माझ्या कुत्रीला, जाईला, घरी आणलं तेव्हा ती दीडेक वर्षाची होती. एका बांधकामाच्या जागेवरून सोडवलेली, मागच्या पायावर जुन्या जखमेचा वण. सोसायटीच्या फाटकाबाहेर पाऊल पडलं, की शेपूट पायांत घालून ती जमिनीला चिकटायची. स्कूटर गेली की जीव खाऊन उलटी धाव. "रोज ने, होईल सवय," असं सगळे म्हणाले आणि मी तेच केलं. दहाव्या दिवशी मी नुसता पट्टा हातात घेतला तरी ती थरथरायला लागली.

असं का झालं, ते मला शंभर वर्षांपूर्वीच्या एका पुराची हकिकत वाचून कळलं. २३ सप्टेंबर १९२४ रोजी रशियातल्या लेनिनग्राडमध्ये नेवा नदीचं पाणी शहरात शिरलं. कुत्र्यांच्या लाळेवर प्रयोग करणारे शास्त्रज्ञ इव्हान पावलोव्ह यांच्या प्रयोगशाळेतल्या कुत्र्यांना अक्षरशः पोहवत बाहेर काढावं लागलं. पुढे त्यांतली काही कुत्री बदलून गेली. ठराविक खूण मिळताच त्यांच्या तोंडाला पाणी सुटायचं, ते सुटेनासं झालं. यथावकाश शिकलेलं परत आलं. मग स्पेरान्स्की या सहकाऱ्याने दाराखालून पाण्याची बारीकशी धार खोलीत सोडली. कुत्रा बिथरला, लाळ पुन्हा आटली. पूर कधीच ओसरला होता, पण त्या कुत्र्यासाठी ती धार म्हणजेच पूर होता.

जाईची स्कूटर म्हणजे तशी धार. मेंदूतला अमिग्डला नावाचा भाग धोक्याची खूणगाठ फार घट्ट बांधतो. ती खूण दिसली की ॲड्रेनलिन उसळतं, हृदय धडधडतं, रक्त पोटाकडून स्नायूंकडे वळतं आणि पचन मागे पडतं. या अवस्थेत प्राण्याला रस्ता निरुपद्रवी आहे हे शिकता येत नाही. रस्ता भयंकर आहे, एवढंच पुन्हा एकदा पक्कं होतं. माझ्या त्या दहा दिवसांत मी नेमकं तेच पक्कं करत होतो, याचं अजून वाईट वाटतं.

पण यातच एक मोजपट्टी हाती लागते. पावलोव्ह लाळेचे थेंब मोजत. आपल्याला उकडलेल्या चिकनचा तुकडा पुरतो. घरी त्यावर तुटून पडणारी जाई रस्त्यावर तोंड फिरवत असेल, तर ती हट्टी नाही, तिचं पोटच बंद पडलंय. अशा वेळी तुकडा तोंडाशी नाचवू नये, मागे फिरावं. ती सहज खाईल तिथपर्यंत. आमच्यासाठी ती जागा होती पाण्याच्या टाकीमागे, रस्त्यापासून चांगली साठ पावलं आत.

तिथे आम्ही पहाटे साडेपाचला बसू लागलो. स्कूटर दिसली की चिकन. स्कूटर गेली की चिकन बंद. क्रम महत्त्वाचा: आधी स्कूटर, मग खाऊ. उलटं केलं, म्हणजे खाऊ दाखवून रस्त्याकडे नेलं, तर खाऊच संकटाची वर्दी ठरतो आणि कुत्रं चिकनलाही घाबरू लागतं.

याच धर्तीची पद्धत मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी एका लहान मुलावर वापरली. त्याची हकिकतही १९२४ सालीच छापून आली. पीटर नावाच्या तीनेक वर्षांच्या त्या पोराला सशाची धास्ती होती. तो आवडीचा खाऊ खात असताना पिंजऱ्यातला ससा लांब ठेवायचा आणि तो शांत राहील तेवढाच जवळ सरकवायचा. शेवटी पीटर सशाला कुरवाळू लागला.

आम्हाला साठ पावलांची चाळीस व्हायला पाच आठवडे लागले. मधे एका सकाळी स्कूटर दिसताच जाईने रस्त्याकडे न बघता माझ्याकडे बघितलं, खाऊच्या आशेनं. त्या एका नजरेसाठी मी आणखी पाच आठवडे बसलो असतो.

फिरताना आता आम्ही अंतर मोजत नाही. तिला एका झुडपाचा दहा मिनिटं वास घ्यायचा असेल तर घेऊ देतो. दोन आठवडे रोज नाकाने खाऊ शोधायचा सराव केलेली कुत्री अनोळखी प्रसंगाकडे अधिक आशेनं जातात, असं २०१९ च्या एका अभ्यासात दिसलं होतं. गळ्यातला पट्टा आणि हार्नेस, म्हणजे छातीभोवतीचा पट्टा, दोन्ही घालतो, कारण घाबरलेलं कुत्रं गळ्यातल्या पट्ट्यातून मान सहज सोडवून घेतं. जिभेने ओठ चाटणं, झोप नसताना जांभई, तोंड वळवणं ही कुरबुर दिसली की तिथूनच परत. आणि ती मांडीशी आली तर मी जवळ घेतो. धीर दिल्याने भीती वाढते हे खरं नाही. भीती ही भावना आहे, खोडी नव्हे. पावलोव्ह यांच्या त्या कुत्र्यालाही प्रयोग करणारा माणूस खोलीत सोबत बसला तेव्हाच उमेद आली होती. एवढं करूनही कुत्रं सावरत नसेल तर डॉक्टरांना दाखवावं. सांध्याचं दुखणंही भीतीच्या रूपात दिसतं, आणि काहींना औषधाची खरोखर गरज असते.

जुनी भीती पुसली जात नाही. तिच्या शेजारी नवी आठवण उभी राहते, आणि वाईट दिवशी जुनी वर येते. या दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाके सुरू झाले आणि जाई पुन्हा पलंगाखाली गेली. पडदे ओढले, पंखा मोठा केला, मी खाली फरशीवर झोपलो. पुढचे तीन दिवस बाहेर नेलंच नाही, कारण एका धक्क्यानंतर शरीर निवायला वेळ लागतो.

चौथ्या पहाटे आम्ही पुन्हा टाकीमागे जाऊन बसलो. दूधवाल्याची स्कूटर आली. जाईचे कान मागे गेले, अंग आखडलं. मी तुकडा पुढे केला. तिने वास घेतला, थांबली, आणि हळूच खाल्ला.