टप्प्याटप्प्याने किनारा-चाल (मुंबई)

किनारा-चाल : समुद्रालगतची लांब वाट एका दमात न चालता, सवडीप्रमाणे तुकड्या-तुकड्यांनी पायी पूर्ण करण्याची रीत. आज जिथे थांबलो, पुढच्या खेपेला नेमके तिथूनच पाऊल उचलायचे, एवढाच तिचा नियम. पण तो कडक आहे. मधला तुकडा रिक्षाने उरकला की ती नुसती भटकंती झाली. मराठी माणसाला ही कल्पना परकी नाही. नर्मदेची परिक्रमा सलग करणे ज्यांना जमत नाही, ते ती थोडी थोडी करतात आणि तिला ‘खंड परिक्रमा’ म्हणतात.

परदेशांत अशा वाटा आखून दिलेल्या असतात. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला वळसा घालणारी ‘साउथ वेस्ट कोस्ट पाथ’ ही 1,014 किमीची वाट चोरटा माल पकडणाऱ्या गस्तवाल्यांच्या पायवाटांतून घडली. वेल्सची सुमारे 1,400 किमीची किनारवाट 2012 मध्ये खुली झाली. तिथे जागोजागी दिशा दाखवणारे खांब असतात. मुंबईत एकही खांब नाही. इथे वाट चालणाऱ्यानेच जोडत न्यायची असते, आणि म्हणूनच शहर समुद्राशी कुठे बोलते आणि कुठे त्याच्याकडे पाठ फिरवते, हे पायांना जितके कळते तितके नकाशाला कळत नाही.

चालायचा तो पश्चिम किनारा, कुलाब्यापासून गोराईपर्यंत. पूर्वेला गोद्या, नौदल, तेलाचे धक्के आणि खाजण असल्याने सलग चालणे शक्यच नाही. पश्चिमेला मात्र रेल्वे किनाऱ्याला जवळपास समांतर धावते. चर्चगेट, ग्रँट रोड, दादर, वांद्रे, अंधेरी, मालाड, बोरिवली अशा कुठल्याही स्टेशनवर उतरून टप्पा धरता येतो, सोडता येतो. रविवारी पहाटेची लोकल आणि परतीचे तिकीट एवढ्यावर काम भागते. दिवसभर नोकरी करणाऱ्याला सहा-सात रविवारांत हा किनारा पुरा करता येतो.

टप्पा कधी करायचा हे घड्याळ नव्हे, भरती-ओहोटी ठरवते. त्यासाठी कोकणात चालत आलेला हिशोब मुंबईलाही लागू पडतो : तिथीला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीची वेळ निघते. पौर्णिमेला पंधरा पाऊणे सव्वाअकरा, म्हणजे दुपारच्या सुमारास आणि मध्यरात्री भरती; अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाच्या सुमारास. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी, आणि रोज ही वेळ पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते. पौर्णिमा-अमावास्येला पाणी खूप चढते आणि तितकेच दूर उतरते, ते उधाण. अष्टमीच्या आसपास चढ-उतार कमी, तो भांग. चालण्याला सगळ्यांत चांगले दिवस म्हणजे पौर्णिमा-अमावास्येनंतरच्या प्रतिपदेपासून तृतीयेपर्यंतचे. ओहोटी सकाळी सात-आठच्या सुमारास पडते, ऊन चढलेले नसते आणि एरवी पाण्याखाली असलेला खडक उघडा असतो. पावसाळ्यातल्या उधाणाला साडेचार मीटरच्या वर पाणी चढते. त्या दिवसांत किनाऱ्यावर उतरू नये.

पहिला टप्पा ससून डॉकपासून. कुलाब्याचे दक्षिण टोक लष्कराकडे असल्याने तिथून सुरुवात होत नाही. नरिमन पॉइंटनंतर मरीन ड्राइव्हच्या कठड्यालगत गिरगाव चौपाटीपर्यंत शहरातली सर्वांत सोपी वाट आहे. पुढे वाळकेश्वरला राज्यपालांच्या निवासस्थानामुळे किनारा तुटतो आणि बाणगंगेच्या पायऱ्यांवरून, गल्लीबोळांतून जावे लागते. प्रियदर्शिनी पार्क ते वरळीदरम्यान किनारी रस्त्यालगतच्या पदपथाचा मोठा भाग ऑगस्ट 2025 मध्ये खुला झाला. या पट्ट्यात पायाखाली बहुतेक भरावच असतो. सात बेटे जोडून झालेल्या शहरात मूळ किनारा शोधत बसण्यात अर्थ नाही. आहे त्यावरून चालावे.

वरळी कोळीवाड्याच्या टोकाला किल्ल्याजवळ जमीन संपते. समोर माहीमच्या उपसागरापलीकडे वांद्रे दिसते, वर 2009 मध्ये खुला झालेला सागरी सेतू, पण त्यावर पायी चालणाऱ्याला मज्जाव. म्हणून मागे फिरून प्रभादेवी, चैत्यभूमी, दादर-माहीमची झिजत चाललेली चौपाटी असे जायचे. तिथे भरतीला लाटा थेट भिंतींवर आपटतात. मिठी नदीचे मुख मात्र पायी ओलांडता येते. पूर्वी इथे होडीशिवाय गत्यंतर नव्हते. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी लेडी जमशेटजी यांनी पैसा दिला आणि 1845 मध्ये माहीमचा कॉजवे झाला. माणसांनी होडीविना पार व्हावे म्हणून बांधलेल्या त्या रस्त्याचे ऋण किनारा-चाल करणाऱ्याने जरूर आठवावे.

वांद्र्याच्या बँडस्टँडपासून कार्टर रोड, खारदांडा हा खडकाळ टप्पा सर्वांत हळू चालण्याचा. ओहोटीला काळ्या कातळातल्या डबक्यांत खेकडे, शंखातले किडे, हिरवट फुलांसारखे चिकटलेले समुद्रजीव दिसतात. कालवांच्या कडा ब्लेडसारख्या असतात आणि शेवाळावरून पाय सटकतो, त्यामुळे जुने, घट्ट बसणारे बूट हवेत, चपला नकोत. जिथे पाय ठेवायचा तिथे आधी नीट बघावे, कारण तो कातळ कुणाचे तरी घर आहे. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा नागरिकांचा गट 2017 पासून अशाच फेऱ्यांतून हे जीव लोकांना दाखवतो.

जुहूची पुळण सरळ आणि लांब. वर्सोव्याला 2015 मध्ये अफरोज शाह यांच्या पुढाकाराने स्वच्छता सुरू झाली आणि 2018 मध्ये तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्राकडे जाताना दिसली.

वर्सोव्याची खाडी हा वाटेतला सर्वांत गोड अडथळा. पलीकडचे मढ डोळ्यांसमोर, होडीने काही मिनिटांचे. रस्त्याने गेलात तर मालाडवरून वीसेक किलोमीटरचा वळसा. नियमाला धरून चालणाऱ्यांचा इथे खल होतो : होडी म्हणजे चालणे मोडले का? मोडले नाही. कोकणच्या किनाऱ्याने जाणारा माणूस पिढ्यान्‌पिढ्या खाडीवर तरीत, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या होडीत, बसूनच पुढे गेला आहे; होडी हा वाटेचाच भाग. पावसाळ्यात ही होडी बंद ठेवतात, तेव्हा हा टप्पा थंडीसाठी राखावा.

मढच्या वाळूवर बांबूंच्या वलांड्यांवर बोंबील सुकत असतात. बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ते जोडीने दोरीवर टांगलेले असतात. तिथून जाताना वाळत घातलेल्या मासळीवरून उडी मारू नये, बाजूने जावे, आणि कोळणीला विचारल्याशिवाय फोटो काढू नये. अक्सा दिसायला शांत असली तरी तिथे अनेकांचा बुडून जीव गेला आहे. गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ नये. मार्वेहून पुन्हा तरीने मनोरी, आणि तिथून ताडामाडांच्या सावलीतून गोराई. उत्तनपर्यंत किनारा तसाच पुढे जातो, पण तिथे मुंबईची हद्द संपून ठाणे जिल्हा लागतो. गोराई खाडीच्या तरीने बोरिवलीकडे परतता येते; शेवटची होडी किती वाजता सुटते, हे सकाळीच जेट्टीवर विचारून ठेवावे.