रागाची दोन घड्याळं

संध्याकाळी चार पन्नासला ईमेल आला. आम्ही दोघं मिळून जो अहवाल करत होतो त्याबद्दल सहकाऱ्याने गटातल्या अकराही जणांना लिहिलं होतं, ‘तक्ते वेळेत आले नाहीत आणि आकडे नीट तपासले गेले नाहीत, म्हणून मुदत हुकली.’ माझं नाव कुठेच नव्हतं, पण तक्ते माझ्याकडे होते हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी तक्ते नऊ दिवस आधी पाठवले होते. त्याआधी जो उशीर झाला तो मूळ नोंदी माझ्यापर्यंत पोचायला झाला, आणि त्या नोंदी त्याच्याकडूनच यायच्या होत्या.

कान तापले, बोटं गार पडली, आणि उत्तराच्या चौकटीत चार ओळी लिहूनही झाल्या. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली, “मनात ठेवू नकोस. चांगलं सुनाव आणि मोकळी हो.” पलीकडून दुसरा सल्ला आला, “नव्वद सेकंद थांब. कुठलीही भावना शरीरात तेवढीच टिकते, मी व्हिडिओत पाहिलंय.” दोघंही मनापासून बोलत होते. पण दोन्ही सल्ले चुकीचे आहेत. ते का चुकतात हे समजून घ्यायचं तर आपल्या मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन छोट्या ग्रंथींकडे जावं लागतं.

तळपायाची आग मस्तकात गेली, असं आपण म्हणतो. शरीरातला प्रवास मात्र उलटा आहे. निरोप मस्तकातून निघतो आणि खाली या अधिवृक्क ग्रंथींपर्यंत जातो. एकेका ग्रंथीचं वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम. ती मधोमध कापली तर आत दोन वेगळे भाग दिसतात, मधला गाभा आणि भोवतालची साल. दोन्ही एकाच वेष्टनात असले तरी त्यांचं कूळ वेगळं आहे. गर्भात गाभा तयार होतो तो मज्जासंस्थेच्या पेशींच्या घराण्यातून, साल येते ती दुसऱ्याच थरातून. शार्क माशांमध्ये तर या दोन ऊती वेगवेगळ्या जागी असतात. आपल्यात त्या एकत्र आल्या, पण दोघींची कामाची पद्धत वेगळीच राहिली, आणि रागाची दोन घड्याळं चालतात ती त्यामुळेच.

गाभ्याचं काम सोपं आहे. तो अ‍ॅड्रेनॅलिन आधीच बनवून ठेवतो आणि पेशींमधल्या सूक्ष्म पिशव्यांत भरून साठवतो. मज्जारज्जूकडून आलेल्या चेतातंतूने इशारा दिला की पिशव्या फुटतात आणि माल थेट रक्तात. काही सेकंदांत हृदय धडधडायला लागतं, हातापायांच्या त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात, बोटं गार पडतात. हे अ‍ॅड्रेनॅलिन रक्तातून जातंही लवकर, दोन-तीन मिनिटांत ते निम्म्यावर येतं. हे पहिलं घड्याळ.

सालीत तयार होतं कॉर्टिसॉल. त्याची गोष्ट मला शरीरशास्त्रातल्या सगळ्यात सुंदर गोष्टींपैकी एक वाटते, म्हणून जरा सविस्तर सांगते. कॉर्टिसॉल हे कोलेस्टेरॉलपासून बनणारं स्टेरॉइड आहे, म्हणजे मेदात विरघळणारं. पेशीचं आणि तिच्यातल्या पिशव्यांचं आवरणही मेदाचंच. कॉर्टिसॉल पिशवीत भरून ठेवायचं म्हटलं तर ते आवरणातूनच पाझरून जाईल. त्यामुळे त्याचा साठा करता येत नाही. मागणी आली की प्रत्येक वेळी नव्याने बनवायला घ्यावं लागतं.

ही मागणी पोचते कशी? मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस ४१ अमिनो आम्लांची एक छोटी साखळी सोडतो. खास त्यासाठीच असलेल्या इवल्याशा रक्तवाहिन्यांतून ती खालच्या पियुषिका ग्रंथीत उतरते. पियुषिका ग्रंथी त्यावर ३९ अमिनो आम्लांचं आपलं संप्रेरक सोडते. ते सगळ्या शरीरभर फिरत फिरत अधिवृक्काच्या सालीपर्यंत येतं. तिथल्या पेशी मग कोलेस्टेरॉल उचलून तंतुकणिकांच्या (मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतली ऊर्जाकेंद्रं) आतल्या पटलापर्यंत नेतात, आणि ही ने-आण सगळ्यात वेळखाऊ. तिथे पहिली काटछाट होते, मग तो रेणू बाहेर येतो, पेशीतल्या दुसऱ्या जाळीदार अंगकात त्याच्यावर पुढची प्रक्रिया होते, आणि शेवटच्या टप्प्यासाठी तो पुन्हा तंतुकणिकेत जातो. तेव्हा कुठे कॉर्टिसॉल तयार. त्यातही त्याचं बरंचसं काम पेशीच्या केंद्रकात जाऊन जनुकं वाचण्याची पद्धत बदलण्याचं असतं, त्याचा परिणाम दिसायला आणखी वेळ जातो. रक्तातलं कॉर्टिसॉल निम्म्यावर यायला साधारण तास-दीड तास लागतो.

हे दुसरं घड्याळ मोजण्याची एक पद्धत जर्मनीतल्या ट्रियर विद्यापीठात क्लेमेन्स किर्शबाउम आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये मांडली. माणसाला अनोळखी परीक्षकांसमोर उभं करायचं, पाच मिनिटं बोलायला लावायचं आणि पुढची पाच मिनिटं तोंडी वजाबाकी. १०२२ मधून १३ वजा करा, आलेल्या उत्तरातून पुन्हा १३, असं करत जा. चुकलात तर पहिल्यापासून. परीक्षक ना हसतात, ना मान डोलावतात. एवढ्यानेच कॉर्टिसॉल दुप्पट ते चौपट वाढतं. शारीरिक कष्ट शून्य, इजा होण्याची भीती शून्य. माणसाला सलते ती चारचौघांत आपली किंमत ठरवली जाण्याची जाणीव.

पुढे २००४ मध्ये सॅली डिकरसन आणि मार्गारेट केमेनी यांनी प्रयोगशाळांतले २०८ अभ्यास एकत्र तपासले. त्यांना आढळलं की नुसत्या अवघड कामाने कॉर्टिसॉल फारसं हलत नाही. दुसरे आपल्याला जोखताहेत आणि आपल्या हातात काहीच नाही, या दोन गोष्टी एकत्र आल्या की ते सगळ्यात जास्त चढतं आणि उतरायलाही सगळ्यात जास्त वेळ घेतं. ताण सुरू झाल्यापासून २१ ते ४० मिनिटांच्या दरम्यान ते शिखरावर असतं. आता अकरा जणांना गेलेला तो ईमेल डोळ्यांसमोर आणा. जोखणारे अकरा जण, आणि पाठवून झालेला ईमेल माझ्याच्याने मागे घेता येत नाही. दोन्ही अटी पूर्ण. चार पन्नासला सुरू झालेली गोष्ट सव्वापाच-साडेपाचला शिखर गाठणार होती, म्हणजे धडधड थांबून ‘आता मी शांत आहे’ असं मला वाटायला लागल्यानंतर.

नव्वद सेकंदांचा नियम इथेच कोसळतो. दीड मिनिटात तर अ‍ॅड्रेनॅलिनसुद्धा निम्मं होत नाही, आणि कॉर्टिसॉलची मागणी जेमतेम पुढे सरकलेली असते.

मग कॉर्टिसॉल थांबतं कसं? ते स्वतःच स्वतःला थांबवतं. मेंदूत त्याला पकडणारे दोन प्रकारचे ग्राही असतात, हे योहानेस र्‍यूल आणि रोनाल्ड दे क्लूट यांनी १९८५ मध्ये दाखवलं. पहिल्या प्रकाराची पकड दुसऱ्यापेक्षा सुमारे दहापट घट्ट आहे. त्यामुळे एरवीच्या थोड्याशा कॉर्टिसॉलनेही पहिले बरेचसे भरलेले असतात. ताण आला आणि पातळी चढली की दुसरे भरायला लागतात, आणि हे दुसरेच हायपोथॅलॅमसला आणि पियुषिकेला ‘पुरे’ म्हणून कळवतात. दोन वेगळ्या पकडींचे ग्राही ठेवून शरीराने ‘रोजचं’ आणि ‘जास्तीचं’ यातला फरक ओळखायची सोय केली आहे. पण ‘पुरे’ हा निरोप उशिरा पोचतो, कारण माल बनायलाच उशीर लागतो. लांब नळीच्या शॉवरमध्ये गरम पाण्याचा नळ फिरवला तर पाणी तापायला वेळ लागतो, आपण आणखी फिरवतो आणि मग एकदम चटका बसतो, तसंच हे. या उशिरामुळेच कॉर्टिसॉल निवांत दिवशीही सरळ रेषेत न राहता साधारण तासातासाने लाटांसारखं वर-खाली होत असतं. ग्राहींचा हा तपशील डोक्यावरून गेला तरी हरकत नाही. बंद करण्याची सोय शरीरात आहे आणि ती संथ आहे, एवढं धरून पुढे चला.

हे वाचून कुणी कॉर्टिसॉलला विष समजू नये. ते कमी पडलं तर अ‍ॅडिसनचा आजार होतो आणि उपचार नसतील तर जीव जातो. ‘कॉर्टिसॉल काढून टाकणारी’ पेयं आणि चूर्णं विकणाऱ्यांवर पैसे घालवू नका. आणि सहकाऱ्याशी आपली रास जुळत नाही म्हणून खडा घालणाऱ्यांनाही माझं कळकळीचं सांगणं आहे की अधिवृक्क ग्रंथीला ग्रह कळत नाहीत.

आता मैत्रिणीचा सल्ला. ब्रॅड बुशमन यांच्या २००२ मधल्या प्रयोगात ६०० विद्यार्थ्यांनी निबंध लिहिले. मग त्यांना दुसऱ्या सहभागीची म्हणून अत्यंत कडवट टीका दाखवली गेली. तो दुसरा सहभागी प्रत्यक्षात नव्हताच, म्हणजे टीका शंभर टक्के अन्यायाची. काही जणांना टीकाकाराचा विचार करत पंचिंग बॅगवर ठोसे मारायला सांगितलं, काहींना व्यायामाचा विचार करत, आणि काही जण नुसते बसून राहिले. टीकाकाराला मनात धरून ठोसे मारणारे सगळ्यात जास्त रागावलेले निघाले. काहीच न करता बसलेले सगळ्यात कमी आक्रमक होते. पुढे २०२४ मध्ये सोफी क्येर्विक आणि बुशमन यांनी १५४ अभ्यास एकत्र केले. श्वास संथ करणं, स्नायू सैल सोडणं अशा शरीराला शांत करणाऱ्या गोष्टींनी राग उतरला, पळण्यासारख्या शरीराला चेतवणाऱ्या गोष्टींनी उतरला नाही.

आपल्या भाषेत याला नेमका शब्द आहे, उगाळणं. प्रसंग एकदाच घडतो, पण तो पुन्हा उगाळला की हायपोथॅलॅमसला ते ताजंच वाटतं. लॉरा ग्लिन, निकोलस क्रिस्टनफेल्ड आणि विल्यम गेरिन यांनी २००२ मध्ये दाखवलं की भावनिक ताणाची नंतर नुसती आठवण काढायला सांगितली तरी रक्तदाब पुन्हा चढतो. मैत्रिणीला सगळी कहाणी सांगितली, घरी जाऊन पुन्हा सांगितली, रात्री अंथरुणात पडून मनातल्या मनात त्याला सुनावलं, तर ते दुसरं घड्याळ प्रत्येक वेळी नव्याने किल्ली दिल्यासारखं चालू होऊ शकतं. ‘मोकळं’ व्हायला गेलेला माणूस खपली काढत बसतो.

मी चार ओळी पुसल्या आणि आमच्या दोघांमधले सगळे ईमेल तारखेप्रमाणे लावत बसले. उत्तर लिहायचं नाही, फक्त तारीख आणि जोडलेली फाइल एवढंच कागदावर. तासभर गेला. आपल्या हातात काहीच नाही ही जी जाणीव कॉर्टिसॉल चढवते, ती त्या कागदाने कमी झाली असं मला वाटलं. हे मोजमाप नव्हे, माझा अनुभव आहे.

त्या कागदावर आणखी एक गोष्ट दिसली. मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली यांनी १९७९ मध्ये ३७ जोडप्यांना विचारलं होतं की घरातल्या वीस कामांपैकी प्रत्येकात तुमचा वाटा किती? वीसपैकी सोळा कामांत दोघांच्या वाट्यांची सरासरी बेरीज शंभर टक्क्यांच्या वर गेली. कुणी खोटं बोलत नव्हतं. स्वतःचं काम आठवतं, दुसऱ्याचं आपल्यासमोर घडलेलंच नसतं. माझ्या कागदावरही त्याचे तीन ईमेल होते जे मी पार विसरले होते, आणि एका तक्त्यातली एक ओळ होती जी मी खरोखरच तपासली नव्हती.

हे सगळं एखाद्याच प्रसंगापुरतं. कुणी जाणूनबुजून, पुन्हा पुन्हा चारचौघांत खाली पाडत असेल तर श्वास संथ करून भागत नाही. लेखी नोंद ठेवून वरिष्ठांकडे जावं लागतं, आणि जावंच. वाट पाहणं म्हणजे ऐकून घेणं नव्हे, फक्त उत्तराची वेळ आपण निवडायची.

दुसऱ्या दिवशी दहा वाजून वीस मिनिटांनी मी त्याला फोन केला. ईमेलला ईमेल नको होता, लिहिलेल्या शब्दांना वाचणारा स्वतःचा सूर लावतो. “तू कुठली फाइल उघडलीस?” एवढंच विचारलं. त्याने जुनी प्रत उघडली होती, तिच्यात दोन तक्ते रिकामे होते. मी ती न तपासलेली ओळ सांगितली, मग नोंदी कोणत्या तारखेला माझ्याकडे आल्या ते वाचून दाखवलं. पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नव्हता. मी म्हटलं, “ईमेल अकरा जणांना गेलाय, तर हेही अकरा जणांना जाऊ दे.”

दुपारी त्याचा ईमेल आला. ‘तक्ते वेळेत आले होते. मी जुनी प्रत पाहिली. नोंदी माझ्याकडून सहा दिवस उशिरा गेल्या.’ क्षमा मागितलेली नव्हती. मी ती ओळ तपासली, एक आकडा खरोखर चुकला होता, तो दुरुस्त केला आणि नवी फाइल सगळ्यांना पाठवली.