क्रोम मुलामा, जुन्या मोटारींवरील

क्रोम मुलामा, जुन्या मोटारींवरील : मोटारीच्या बाह्यांगावरील बंपर, पुढची जाळी, दिव्यांच्या कडा, दारांच्या मुठी, चाकांच्या टोप्या इ. भागांवर विजेच्या साहाय्याने चढवलेला क्रोमियम धातूचा पातळ थर, तसेच तो झिजल्यावर किंवा खालचा धातू गंजल्यावर पुन्हा चढवण्याची प्रक्रिया. ‘मुलामा’ हा शब्द मूळ अरबी असून त्याचा अर्थ ‘चकाकी आणलेले’ असा होतो. सोन्याचांदीच्या कामातला हा जुना शब्द विद्युत् विलेपनालाही लागू झाला. कल्हई ही त्याहून वेगळी प्रक्रिया आहे. तीत वितळलेले कथील तापवलेल्या भांड्यावर फिरवून पुसून घेतात आणि विजेचा संबंध येत नाही.

व्यवहारात ज्याला नुसते ‘क्रोम’ म्हणतात तो एकच थर नसतो. पोलादी बंपरावर बहुधा आधी तांबे, त्यावर निकेल आणि सर्वांत वर क्रोमियम अशी रचना असते. निकेलचा थर सामान्यतः २० ते ४० मायक्रोमीटर (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रोमीटर) जाडीचा असतो, तर क्रोमियमचा जेमतेम ०.२५ ते ०.५ मायक्रोमीटर. गंजापासूनचे संरक्षण मुख्यतः निकेल देते. क्रोमियम ते निकेल काळवंडू देत नाही आणि त्याला किंचित निळसर झाक देते. म्हणून बंपरावर तांबूस ठिपके दिसू लागले म्हणजे केवळ वरची चकाकी गेली असे नसून ओलावा निकेलच्याही आरपार पोलादापर्यंत पोहोचलेला असतो.

इतिहास : क्रोमियम मूलद्रव्याचा शोध फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व्होकलँ यांनी १७९७ मध्ये लावला. विद्युत् विच्छेदनाने ते प्रथम कोणी मिळवले याविषयी संदर्भग्रंथांत एकवाक्यता नाही. रोबर्ट बुन्सेन यांनी १८५४ मध्ये क्लोराइड द्रावणातून क्रोमियम मिळवले, तर गॉयथर यांनी १८५६ मध्ये क्रोमिक अम्लाचे द्रावण वापरले. पुढचे व्यावसायिक काम प्रामुख्याने क्रोमिक अम्लाच्या वाटेने झाल्यामुळे मुलाम्याच्या इतिहासात गॉयथर यांना अग्रक्रम देणे अधिक सयुक्तिक वाटते. अमेरिकेत कार्व्हेथ आणि करी यांनी १९०५ मध्ये आणि कॉर्नेल विद्यापीठातील जॉर्ज सार्जंट यांनी १९२० मध्ये या द्रावणाचा पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला. एका लिटरमागे सु. २५० ग्रॅ. क्रोमिक अम्ल आणि त्याच्या शंभराव्या हिश्श्याइतके सल्फेट हे प्रमाण सार्जंट यांच्याच नावाने ओळखले जाते. जर्मनीत लीब्राइख यांचे काम साधारण याच सुमारास चालू होते. कोलंबिया विद्यापीठातील कॉलिन फिंक आणि चार्ल्स एल्ड्रिज यांनी १९२४ च्या सुमारास ही प्रक्रिया कारखान्यात भरवशाने चालेल अशी केली, म्हणून लोकप्रिय लेखनात शोधाचे श्रेय बहुधा फिंक यांना दिले जाते. त्यांच्या पेटंटवरून पुढे न्यायालयीन वादही झाले. शुद्ध क्रोमिक अम्लातून धातू नीट बसत नाही, त्यात अल्प पण नेमके सल्फेट लागते, हे मर्म सार्जंट यांच्या नोंदीत आधीच आढळते. फिंक यांचे श्रेय त्या प्रमाणावरचे नियंत्रण व्यवहार्य करण्यात आहे, असे मानणे न्याय्य ठरेल.

हा वाद केवळ पंडिती नाही. १९२० पूर्वीच्या मोटारींवर पितळ आणि निकेल होते. ओल्ड्समोबिलसारख्या अमेरिकी मोटारींवर क्रोम साधारणपणे १९२६ च्या सुमारास आले आणि दशक संपेपर्यंत सर्वत्र रूढ झाले. त्यामुळे १९२२ ची मोटार निळसर झळाळीने लखलखत असेल, तर ती जीर्णोद्धार करणाऱ्याची चूक समजावी. तिथे निकेलची उबदार, किंचित पिवळट छटाच योग्य होय. शिवाय १९३० पासून फोर्डच्या ‘मॉडेल ए’ मोटारीच्या रेडिएटरची चौकट निर्गंज पोलादाची (स्टेनलेस स्टीलची) होती. अशा पट्ट्यांवर मुलामा नसतोच; त्यांचे पोचे आतून हलक्या हातोडीने उठवून, घासून, कापडी चाकावर पॉलिश केले की काम होते. लोहचुंबक लावून पाहण्याची प्रचलित परीक्षा येथे फसवी ठरते, कारण सजावटी पट्ट्यांसाठी वापरले जाणारे काही निर्गंज पोलाद चुंबकाला चिकटते.

कृती : भाग सुटा करून त्यावरील ग्रीझ, मेण व रंग काढतात. क्रोमियम सौम्य हायड्रोक्लोरिक अम्लात विरघळते. ते कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात भाग धनाग्राला (विजेच्या धन टोकाला) जोडूनही उतरवतात. निकेल सल्फ्यूरिक अम्लात उलट्या प्रवाहाने काढले जाते. त्यानंतरचे घासणे व बफिंग हे सर्वांत वेळखाऊ आणि सर्वांत महागडे काम होय. पॉलिश पट्ट्याने सुरुवात करून क्रमाक्रमाने मऊ चाकांवर येताना धातूवर एकही ओरखडा उरता कामा नये, कारण मुलामा खालचा दोष झाकत नाही, उलट उठून दाखवतो. तयार झालेला भाग ऋणाग्राला (विजेच्या ऋण टोकाला) जोडून तांब्याच्या, निकेलच्या व शेवटी क्रोमच्या टाकीत सोडतात. क्रोमच्या टाकीतली बहुतांश वीज हायड्रोजनचे बुडबुडे काढण्यातच खर्च होते. धातू बसवण्यास साधारण दहा ते वीस टक्केच कामी येते. शिवाय या द्रावणात खोलगट जागी प्रवाह नीट पोहोचत नाही, म्हणून बंपराची आतली बाजू जवळजवळ उघडीच राहते आणि गंज बहुधा तिथूनच सुरू होतो. पाठीमागून रंग किंवा मेण लावण्याची जुनी कारागिरांची सवय यासाठीच योग्य आहे.

जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेले भाग, उदा. दारांच्या मुठी व गाडीवरची नावपट्टी, हे वेगळेच प्रकरण आहे. मुलाम्याखाली जस्त झिजून पांढरी भुकटी होते व पृष्ठभागावर फोड उठतात. फोड टोकला की टाचणीच्या टोकाएवढे छिद्र दिसते, पण आत पोकळी त्याच्या कितीतरी पट रुंद असते. असा भाग तीव्र अम्लात टाकल्यास मूळ आकारच नष्ट होतो. प्रत्येक पोकळी बारीक कोरून निरोगी धातूपर्यंत न्यावी लागते, तांब्याचा थर देऊन ती मऊ डाखाने भरतात, कानशीने समतल करतात व पुन्हा तांबे चढवतात. पन्नास-साठ पोकळ्यांच्या एका मुठीमागे असा खर्च होतो की, नवा भाग मिळत असल्यास तो घेणेच शहाणपणाचे.

प्लॅस्टिकच्या भागांवर मुलामा १९६० च्या दशकात रूढ झाला. तो उडाल्यास भाग बदलणे हाच सर्वसाधारण उपाय आहे.

भारतात : मुंबईच्या कुर्ल्यातील प्रीमियर ऑटोमोबाइल्सची पद्मिनी आणि उत्तरपाड्याची अँबॅसडर (उत्पादन २०१४ पर्यंत) या दोन मोटारींवर देशातील बहुतांश जुने क्रोमकाम आढळते. मुंबईत खाऱ्या हवेतील क्लोराइडमुळे निकेलची छिद्रे लवकर रुंदावतात. पुण्यातल्या गाड्यांचे बंपर तुलनेने बरे राहतात. टॅक्सी म्हणून चाललेल्या पद्मिनींची दुरुस्ती मुलामा देऊन होण्याऐवजी बंपरावर चंदेरी रंग मारूनच अधिक होत असे. पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी केंद्र शासनाने २०२१ मध्ये स्वतंत्र नोंदणी आणली. तिच्यात वाहन मूळ स्वरूपात असणे अपेक्षित आहे. जुन्या वाहनांच्या जतनाविषयीच्या २०१२ च्या आंतरराष्ट्रीय ट्यूरिन सनदेने जतन आणि जीर्णोद्धार यांत भेद करून जतनाला झुकते माप दिले आहे. त्या न्यायाने फिकट पण शाबूत असलेला मूळ मुलामा नव्या आरशासारख्या थरापेक्षा मोलाचा ठरतो.

टाकीतील क्रोमिक अम्लात असलेले षट्संयुजी (सहा संयुजेचे) क्रोमियम कर्करोगजनक असल्याचे सिद्ध झाले आहे. युरोपीय संघात २०१७ पासून क्रोमियम ट्रायऑक्साइडचा (ज्यापासून क्रोमिक अम्ल बनते त्या पदार्थाचा) वापर परवानगीविना करता येत नाही, आणि कॅलिफोर्नियाने सजावटी मुलाम्यातून ते २०२७ पर्यंत हटवण्याचे ठरवले आहे. त्रिसंयुजी (तीन संयुजेच्या) क्रोमियमचे द्रावण त्याची जागा घेत आहे. मात्र त्याची छटा थोडी गडद उतरत असल्याने, एकाच गाडीचा पुढचा बंपर जुन्या आणि मागचा नव्या पद्धतीने केल्यास फरक उन्हात सहज दिसतो.