जॅझसाठी व्हॉल्व्हचाच अ‍ॅम्प लागतो?

"गिटारवर जॅझ वाजवायचं तर व्हॉल्व्हचाच (काचेच्या नळ्यांचा) अ‍ॅम्प हवा, ट्रान्झिस्टरचा आवाज कोरडा," असं ऐकून वर्धा-यवतमाळकडची पोरं पैसे साठवत बसतात. गरज नाही. १९७५ चा रोलँड जेसी-१२० हा अ‍ॅम्प पूर्ण ट्रान्झिस्टरचा, अन् जेसी म्हणजे 'जॅझ कोरस', नावातच 'जॅझ' आहे.

जॅझच्या कॉर्डमध्ये चार-पाच सूर एकदम वाजतात. अ‍ॅम्पचा आवाज जरा फाटला की त्यांचा चिखल होतो. म्हणून बघायची ती ताकदीची शिल्लक. ५ वॉटचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प ड्रमसोबत हमखास फाटतो. घरी २० वॉट, ८ इंची स्पीकर पुरे. ड्रमसोबत ट्रान्झिस्टरचे ५० वॉट अन् १० किंवा १२ इंची. वॉट दुप्पट केले तरी आवाज जेमतेम ३ डेसिबलनं वाढतो, तेव्हा ४० की ५० यावर घासाघीस नको.

अ‍ॅम्पवर गेन (आत येणारा सिग्नल वाढवणारं बटण) १० पैकी ३, मास्टर (एकूण आवाज) वर, ट्रेबल ३, मिड ६, बास ४. गिटारचा नेक पिकअप (तारांचा आवाज पकडणारा, मानेजवळचा), टोनचं बटण अर्ध्यावर. तो 'व्हॉल्व्हचा गोडवा' बराचसा इथूनच येतो!

गावात आणखी एक भानगड: ओलिताचे पंप सुरू झाले की २३० व्होल्टचा दाब घसरतो. व्हॉल्व्हचं फिलामेंट थंडावतं, आवाज मऊ पडतो, लवकर फाटतो. स्टॅबिलायझरचा खर्च वेगळा. ट्रान्झिस्टरवाला बहुधा निभावून नेतो. अर्थिंग मात्र दोघांनाही लागतं. तिसरी पिन तोडून प्लग बसवू नका. अ‍ॅम्पमध्ये बिघाड झाला तर गिटारच्या तारांतून शॉक बसतो.